किनाऱ्यावरचा कचरा मोजला, आता आकड्यांचं काय करायचं?

किनारा सफाई झाली की बातमीत येतो तो टनांचा आकडा. त्या टनांत ओली वाळू किती, शहाळी किती, निर्माल्य किती आणि प्लास्टिक किती, हे कोणालाच सांगता येत नाही. एकेक वस्तू मोजून केलेलं सर्वेक्षण मात्र ते सांगू शकतं. कोणती वस्तू जास्त येते, कोणत्या ऋतूत येते, गेल्या पाच वर्षांत वाढली की घटली, या सगळ्याची उत्तरं त्या रेघा मारलेल्या कागदांत असतात. पण ते कागद बहुतेक वेळा फायलीतच राहतात, कारण पुढचं काम कसं करायचं हे कोणी दाखवलेलं नसतं.

हा लेख त्या पुढच्या कामाचा आहे. स्प्रेडशीट वापरता येते आणि थोडं पायथन शिकायची तयारी आहे, एवढं धरून चालू. संगणकावर काही बसवायची गरज नाही. गुगल कोलॅबमध्ये ब्राउझरवरच पायथन चालतं आणि लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कमांडचे संच (पांडाज, नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब) तिथे आधीच असतात. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच करायची. उदाहरणांतले आकडे हिशेब दाखवण्यापुरते घेतलेले आहेत, कोणत्या खऱ्या किनाऱ्याचे नाहीत.

सर्वेक्षण कोणत्या पद्धतीचं आहे?

विश्लेषण सुरू करण्याआधी हे पक्कं करा, कारण पद्धत बदलली की हिशेब बदलतो. ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यांवर ओस्पार करारातल्या पद्धतीने १०० मीटरचा ठरावीक पट्टा वर्षातून ४ वेळा तपासतात आणि पट्ट्यातली प्रत्येक वस्तू मोजतात. अमेरिकेतल्या नोआ या समुद्र आणि हवामान पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या पद्धतीत १०० मीटरचे ५-५ मीटरचे २० भाग पाडून त्यांतले ४ भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात, २.५ सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या वस्तू मोजतात, आणि हे साधारण दर २८ दिवसांनी करतात.

दुसऱ्या पद्धतीत नवखा माणूस हमखास फसतो. एका दिवसाचे ते ४ भाग म्हणजे ४ सर्वेक्षणं नव्हेत. त्या दिवशीची भरती, वारा, गर्दी चारही भागांना सारखीच लागू असते. त्यांची बेरीज करून ते एकच सर्वेक्षण धरायचं, २० मीटर लांबीचं. चार वेगळी धरली तर आपल्याजवळ आहे त्यापेक्षा चौपट पुरावा आहे असा भास होतो आणि पुढची प्रत्येक चाचणी खोटा आत्मविश्वास देते.

कोकण किनाऱ्यासाठी वर्षातून ४ वेळा, १०० मीटर, सगळ्या वस्तू ही पद्धत सोयीची पडते. पुढचं सगळं तिला धरून आहे.

तीन तक्ते, एक नाही

बहुतेक गट एकाच शीटमध्ये आडवे साठ कॉलम करतात आणि शेवटी ‘एकूण’ असा कॉलम लावतात. कागदावर ते ठीक, विश्लेषणाला त्रासाचं. त्याऐवजी तीन तक्ते करा.

पहिला तक्ता सर्वेक्षणांचा, दर सर्वेक्षणाला एक ओळ. त्यात सर्वेक्षण क्रमांक, किनारा, तारीख, तिथी, सुरू आणि संपल्याची वेळ, पट्ट्याची लांबी मीटरमध्ये, पाण्याच्या कडेपासून मागच्या झाडोऱ्यापर्यंत किंवा भिंतीपर्यंतची रुंदी, मोजणाऱ्यांची संख्या आणि शेवटची झाडलोट कधी झाली हे लिहा.

दुसरा मोजणीचा. यात तीनच कॉलम: सर्वेक्षण क्रमांक, वस्तूचा कोड, संख्या. एका सर्वेक्षणाच्या चाळीस-पन्नास ओळी होतील. होऊ द्या, पायथनला असाच उभा तक्ता लागतो.

तिसरा तक्ता वस्तूंच्या यादीचा. त्यात कोड, मराठी नाव, कशाची बनलेली, ढोबळ उगम (किनाऱ्यावर येणारे लोक, मासेमारी, घरगुती, सांडपाणी) आणि ही वस्तू यादीत कोणत्या तारखेला आली. हा शेवटचा कॉलम फालतू वाटतो, पण पुढे त्याच्यावाचून अडतं.

यादी आपल्या किनाऱ्याला साजेशी हवी. युरोपातल्या याद्यांत गुटख्याच्या पुड्या, शॅम्पूचे सॅशे, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे यांना वेगळी जागा नसते, सगळं ‘पाकिटं आणि तुकडे’ यात जातं. आपल्याकडे यांचे स्वतंत्र कोड ठेवा. तसंच तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा), जाळ्याचे तुकडे आणि जाड दोर वेगळे लिहा, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. उद्या युरोपातल्या आकड्यांशी ताडून पाहायचं झालं तर तपशिलाचे कोड एकत्र करता येतात. मुळात एकत्र लिहिलेलं मात्र नंतर सुटं करता येत नाही.

फाइल उघडताना होणारे घोळ

मूळ फाइलला हात लावायचा नाही. ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सगळी दुरुस्ती स्क्रिप्टमधून करा, म्हणजे कोणती नोंद का बदलली हे कायम दिसत राहतं.

एक्सेलमधून साधी सीएसव्ही साठवली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि मजकूर कायमचा जातो. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. ती फाइल पांडाजच्या रीड-सीएसव्हीने उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. नाही दिलं तर कधीकधी फाइलच्या सुरुवातीचं एक अदृश्य चिन्ह पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतं. मग कॉलम डोळ्यांना दिसतो, पण प्रोग्राम म्हणतो की असा कॉलमच नाही.

तारखांचा घोळ जास्त धोक्याचा, कारण तो दिसतच नाही. ०५-०८-२०२३ ही तारीख ५ ऑगस्ट की ८ मे? पांडाज सोडून दिलं तर महिना आधी वाचतं, म्हणजे भर पावसातलं सर्वेक्षण उन्हाळ्यात जाऊन बसतं. टू-डेटटाइमला तारखेचा साचा स्पष्ट सांगा. नव्या नोंदी तर वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा. त्यात संदिग्धता उरत नाही.

संख्येच्या कॉलममध्ये ‘५०+’, ‘खूप’, ‘२०-२५’ असं काहीबाही सापडतं. अशा नोंदींसाठी एक नियम ठरवा, लिहून ठेवा आणि सगळीकडे तोच लावा. ‘२०-२५’चं २२.५ चालेल. ‘५०+’चं ५० धरून बाजूच्या कॉलममध्ये ‘किमान’ अशी खूण करा. ‘खूप’ ही संख्या नव्हे, ती रिकामी नोंद समजा. अंक देवनागरीत लिहिलेले असतील तर घाबरू नका, पायथनचं इंट हे फंक्शन ‘४७’ला मुकाट सत्तेचाळीस समजतं.

वस्तूंची नावं हाताने टाइप केलेली असतील तर ‘बाटली’, ‘बाटल्या’, ‘बाटली ’ (मागे मोकळी जागा) अशा तीन वस्तू तयार होतात. म्हणूनच मोजणीच्या तक्त्यात नाव नको, कोड हवा. जुन्या फायलींसाठी युनिक ही कमांड चालवून सगळी वेगवेगळी नावं छापा आणि एकदाच बसून प्रत्येकाला कोड द्या.

तक्ते जोडायला मर्ज वापराल तेव्हा त्याला व्हॅलिडेट ‘मेनी-टू-वन’ सांगा. सर्वेक्षणांच्या तक्त्यात एखादा क्रमांक चुकून दोनदा असेल तर त्याच्या सगळ्या मोजण्या गुपचूप दुप्पट होतात. ही सूचना दिली की प्रोग्राम तिथेच थांबून चूक दाखवतो. आणि जुन्या शीटमधला ‘एकूण’ कॉलम आधी काढून टाका. तो एक वस्तू म्हणून आत शिरला तर किनाऱ्यावरचा कचरा बरोबर दुप्पट होतो.

शून्य आणि रिकामं

सगळ्या विश्लेषणात सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे, म्हणून तिच्यासाठी थोडा जास्त वेळ द्या. स्ट्रॉसमोर रकाना रिकामा आहे. म्हणजे स्ट्रॉ सापडला नाही, की स्ट्रॉ मोजलाच नाही? पहिलं उत्तर असेल तर तिथे ० हवा. दुसरं असेल तर ती जागा रिकामीच राहायला हवी.

उभ्या तक्त्यात न सापडलेल्या वस्तूची ओळच नसते. नुसतं ग्रुपबाय (वस्तूनिहाय गट पाडणारी कमांड) करून मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढला तर ज्या दिवशी वस्तू सापडली तेच दिवस हिशेबात येतात. दहा सर्वेक्षणांपैकी दोनदाच सापडलेल्या चपलेचा मध्यक त्या दोन दिवसांवरून निघतो आणि चपला किनाऱ्याचा मोठा प्रश्न वाटू लागतात. यावर उपाय म्हणजे पिव्हट-टेबल. ओळीत सर्वेक्षण, कॉलममध्ये कोड, आत संख्या, आणि फिल-व्हॅल्यू ०. त्याच कमांडमध्ये अ‍ॅगफंक ‘सम’ असं स्पष्ट लिहा. लिहिलं नाही तर पांडाज एका कोडच्या दोन नोंदींची बेरीज न करता सरासरी घेतं, आणि दोन जणांनी वाटून मोजलेल्या बाटल्या निम्म्या होतात.

ही शून्यं भरल्यावर वस्तूंच्या यादीतली, वस्तू यादीत कधी आली ती तारीख बघा. मास्कचा कोड २०२० च्या मध्यावर यादीत आला असेल तर २०१८ च्या सर्वेक्षणांत मास्कपुढे ० लिहिणं चूक आहे. तेव्हा मास्क नव्हते असं आपल्याला वाटतं, पण नोंद तसं सांगत नाही. कोड यादीत येण्याआधीच्या सगळ्या जागा पुन्हा रिकाम्या करा.

याच्या उलट दिशेने जाणारा एक सापळा पांडाजमध्येच आहे. रिकाम्या जागांची बेरीज केली तर ते ० देतं, रिकामं देत नाही. एका सर्वेक्षणात मासेमारीच्या वस्तू कोणी मोजल्याच नसतील तरी ‘मासेमारी: ०’ असं सुबक उत्तर मिळतं. सम वापरताना मिन-काउंट १ द्या, मग रिकामं रिकामंच राहतं.

१०० मीटरला किती?

प्रत्येक संख्येला लांबीने भागून १०० ने गुणा. ६० मीटरच्या पट्ट्यावर १३८ वस्तू म्हणजे १०० मीटरला २३०. हे केल्याशिवाय दोन सर्वेक्षणं शेजारी ठेवायचीच नाहीत. पट्टा फार तोकडा असेल तर मात्र हा गुणाकार धोक्याचा होतो. १० मीटरवर मिळालेल्या एका चपलेचं १०० मीटरला १० चपला असं होतं. ५० मीटरपेक्षा कमी लांबीची सर्वेक्षणं वेगळी ठेवणं बरं.

रुंदीने भागावं का, यावर मतं वेगळी आहेत. आमचा कल न भागण्याकडे आहे. कचरा पट्टाभर सारखा पसरलेला नसतो, तो भरतीच्या रेषेवर साचतो. ओहोटीला मैदान रुंद दिसतं म्हणून दर चौरस मीटर कचरा कमी दाखवणं ही फसवणूक होईल. रुंदी नोंदवा, पण मुख्य आकडा १०० मीटर लांबीचाच ठेवा.

सरासरी नको, मध्यक घ्या

एका किनाऱ्याची आठ सर्वेक्षणं समजा अशी आहेत: २१२, १८७, २४०, १९८, १४६०, २२५, १७६, २६०. यांची बेरीज २९५८ आणि सरासरी ३६९.७५. आठपैकी सात दिवशी कचरा या सरासरीपेक्षा कमी होता. म्हणजे ही ‘सरासरी’ कोणत्याच नेहमीच्या दिवसाचं वर्णन करत नाही. आकडे चढत्या क्रमाने लावले तर चौथा २१२ आणि पाचवा २२५, म्हणून मध्यक २१८.५. तो त्या किनाऱ्याचं खरं रूप सांगतो. दहावीच्या गणितातला मध्यक इथे पहिल्या क्रमांकाचं हत्यार आहे.

१४६० हा आकडा काढून टाकायचा का? नाही. आधी कागद उघडा. थर्माकोलचा एखादा ठोकळा फुटून त्याचे मणी हजारोंनी पसरले असतील तर आकडा खराच आहे, फक्त त्यातला बहुतेक भाग एकाच वस्तूचा आहे. म्हणून थर्माकोलचे आणि प्लास्टिकचे बारीक तुकडे वेगळ्या कोडखाली ठेवायचे आणि एकूण आकडा दोनदा काढायचा, तुकड्यांसकट आणि तुकड्यांशिवाय. दोन्ही छापा. मध्यक वापरला की असल्या दिवसामुळे निकाल उलटापालटा होत नाही आणि नोंदही शाबूत राहते.

नुसता मध्यक पुरत नाही, तो किती डळमळीत आहे हेही सांगायला हवं. आठ सर्वेक्षणं असतील तर एक सोपा हिशेब आहे. लहानाकडून दुसरा आकडा आणि मोठ्याकडून दुसरा आकडा घ्या, इथे १८७ आणि २६०. सर्वेक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर खरा मध्यक या दोहोंत असण्याची हमी सुमारे ९३ टक्के आहे. सर्वेक्षणं जास्त असतील तर बूटस्ट्रॅप करा. आहेत त्याच सर्वेक्षणांतून, परत परत तेच येऊ देत, तेवढीच सर्वेक्षणं यादृच्छिक उचला, मध्यक काढा, असं १०,००० वेळा करा आणि मिळालेल्या मध्यकांचा २.५ आणि ९७.५ टक्क्यांवरचा आकडा घ्या. नमपायमध्ये हे पाच-सहा ओळींचं काम आहे. उचलायची ती सर्वेक्षणं, वस्तू नव्हे. आणि सुरुवातीला सीड (यादृच्छिक निवड दर वेळी तीच यावी म्हणून द्यायचा एक ठरावीक आकडा) द्या, नाहीतर दर वेळी उत्तर किंचित बदलतं आणि सोबतच्यांना ते जुळवता येत नाही.

पुढे कोणी पॉयसाँ हे मोजलेल्या संख्यांसाठीचं सांख्यिकी प्रतिमान सुचवेल, कारण या मोजलेल्या संख्या आहेत. वरच्या आठ आकड्यांचा व्हेरियन्स (आकडे किती पसरलेत याचं माप) सुमारे १,९४,८०० येतो, सरासरीच्या ५०० पटींहून जास्त. पॉयसाँमध्ये हे दोन्ही सारखे असावे लागतात. कचऱ्याला पॉयसाँ लावलं की प्रत्येक फरक ‘सिद्ध’ होतो. प्रतिमानच हवं असेल तर असा पसारा चालवून घेणारं निगेटिव्ह बायनॉमियल घ्या आणि पट्ट्याची लांबी हिशेबात यावी म्हणून तिचा लॉग ऑफसेट म्हणून द्या. सुरुवातीला मात्र मध्यक आणि क्रमांकावर चालणाऱ्या चाचण्या पुरतात.

पहिल्या दहा वस्तू

सगळी सर्वेक्षणं मिळून बेरीज करून वरच्या दहा वस्तू काढल्या तर त्या १४६० वाल्या दिवशी जे होतं तेच यादीत वर येतं. त्याऐवजी प्रत्येक सर्वेक्षणात प्रत्येक वस्तूचा टक्का काढा आणि मग वस्तूनिहाय त्या टक्क्यांचा मध्यक घ्या. असे मध्यक एकत्र मिळवले तर १०० होत नाहीत, ते तसंच असतं, ओढूनताणून जुळवू नका. वस्तू किती सर्वेक्षणांत सापडली हा कॉलमही शेजारी ठेवा. दर वेळी दोन-चार सापडणाऱ्या इअरबडच्या काड्या आणि एकदाच दोनशे सापडलेले ग्लास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या सांडपाण्यातून सतत येतात, दुसरे एका कार्यक्रमाचे.

भरती, पाऊस आणि झाडलोट

किनाऱ्यावरच्या आकड्यांत जो चढउतार दिसतो त्यातला बराचसा कचऱ्याचा नसून समुद्राचा असतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत लाटा समुद्रातला आणि खाड्यांतून आलेला कचरा किनाऱ्यावर आणून टाकतात. म्हणून पावसाळ्यातलं सर्वेक्षण हिवाळ्यातल्या सर्वेक्षणाशी थेट ताडायचं नाही. ऋतूचा वेगळा कॉलम करा.

भरतीसाठी तिथी उपयोगी पडते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, आणि मुंबई-कोकण पट्ट्यात तो हिशेब ढोबळमानाने बरोबर येतो. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता पूर्ण भरती आणि साधारण सहा तासांनी, ९ च्या सुमारास पूर्ण ओहोटी. हाच नियम स्क्रिप्टमध्ये एका ओळीत बसतो: तिथी गुणिले ०.७५, मग त्यात ६ मिळवा. पूर्वीच्या सर्वेक्षणांत ओहोटीची वेळ लिहिलेली नसेल तर पंचांगातून तिथी काढून ती भरून घेता येते आणि मोजणी ओहोटीपासून किती दूर झाली हे कळतं. नेमकं काम असेल तिथे बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रकच वापरा.

पुढच्या सर्वेक्षणांसाठी तिथी ठरवूनच टाका. पंचमी-षष्ठीला पूर्ण ओहोटी सकाळी पावणेदहा-साडेदहाच्या सुमारास येते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नुकतंच ओसरलेलं असतं आणि त्याने वर नेऊन टाकलेली कचऱ्याची रेघ अजून जागेवर असते. दर वेळी त्याच तिथ्या घेतल्या तर उधाण-भांगाचा (मोठ्या आणि लहान भरतीचा) फरक आकड्यांतून जवळजवळ निघून जातो. हे कोणत्याही सांख्यिकी दुरुस्तीपेक्षा स्वस्त आहे.

झाडलोटीचा मुद्दा मुंबईसारख्या ठिकाणी फार महत्त्वाचा. जिथे पालिकेची सफाई रोज होते, तिथे आपण मोजतो तो एका दिवसात साचलेला कचरा. जिथे कधीच होत नाही, तिथे महिनोन्‌महिन्यांचा साठा. गिरगाव चौपाटी आणि एखाद्या आडबाजूच्या पुळणीची तुलना करून ‘चौपाटी स्वच्छ’ म्हणणं म्हणजे झाडूची मोजणी करणं. झाडलोटीनंतरच्या दिवसांनी भागूनही हे सुटत नाही. कचरा रोज सारखा साचत नाही, थोडा परत वाहून जातो, थोडा वाळूखाली गाडला जातो. अशा किनाऱ्यांचे दोन गट करा आणि त्यांची आपापसांत तुलना टाळा.

दोन किनारे, दोन ऋतू

दोन गटांची तुलना करायला सायपायमधली मान-व्हिटनी चाचणी घ्या. ती आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवर चालते, त्यामुळे एखादा १४६० तिला हलवत नाही. दोन्ही किनारे नेहमी एकाच दिवशी मोजले असतील तर जोडीजोडीने फरक घेणारी विल्कॉक्सन चाचणी जास्त चांगली.

चाचणीआधी सर्वेक्षणं मोजून पाहा. दोन्हीकडे ३-३ असतील तर मान-व्हिटनीचा कमीत कमी पी-अंक (खरा फरक नसताना इतका फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.१० येतो. एका किनाऱ्यावर दहापट कचरा असला तरी तो ०.०५ या नेहमीच्या मर्यादेखाली जाऊच शकत नाही. ४-४ असतील तर तो ०.०२९ पर्यंत जातो. म्हणजे तीन सर्वेक्षणांवर ‘फरक नाही’ असं लिहिणाऱ्याने काहीच तपासलेलं नसतं.

दुसरं टोकही आहे. ६० वस्तूंसाठी ६० चाचण्या लावल्या तर काहीही फरक नसताना सरासरी ३ वस्तूंत ०.०५ खालचा पी-अंक नुसत्या योगायोगाने येतो. म्हणून आधी दोन-तीन वस्तू निवडा, किंवा सगळ्या तपासायच्याच असतील तर अशा योगायोगांना आवर घालणारी बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्ती लावा.

वाढतोय की घटतोय?

कल काढायला थाईल-सेन उतार (जोड्याजोड्यांच्या उतारांचा मध्यक) आणि मान-केंडल चाचणी (किती जोड्या वाढत्या, किती घटत्या यावर चालणारी) ही जोडी किनाऱ्यावरच्या कचऱ्यासाठी रुळलेली आहे. नेदरलँड्समध्ये तयार झालेलं, आर या संगणक भाषेतलं ‘लिटर’ हे मोफत पॅकेजही हीच जोडी वापरतं. एकदा हाताने करून पाहिलं की आत काय चालतं ते कळतं.

पाच वर्षांचे मध्यक समजा ३१०, २८०, २९५, २४०, २२० आहेत. वर्षांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत फरक भागिले वर्षांचं अंतर. पहिलं-दुसरं वर्ष उणे ३०, पहिलं-तिसरं उणे ७.५, दुसरं-तिसरं अधिक १५, असे दहा उतार येतात. चढत्या क्रमाने लावले की पाचवा उणे २२.५ आणि सहावा उणे २०. त्यांचा मध्य उणे २१.२५, म्हणजे १०० मीटरला वर्षाकाठी सुमारे २१ वस्तू कमी. आता खुणा मोजा. नऊ उतार उणे, एक अधिक. इतका एकतर्फी कल योगायोगाने दिसण्याची शक्यता ०.०८३. घट होत असल्याचं चिन्ह आहे, पण पुरावा अजून कच्चा आहे. चार वर्षांवर तर सलग घट असली तरी पी-अंक ०.०८३ खाली जात नाही, म्हणून पाचापेक्षा कमी वर्षांवर मान-केंडल लावूच नका.

सायपायमध्ये थाईलस्लोप्सला आधी कचरा आणि मग वर्ष द्यायचं असतं, लिनरिग्रेसच्या उलट. क्रम चुकला तरी प्रोग्राम तक्रार करत नाही, उत्तर मात्र निरर्थक येतं. उताराचं एकक ‘वर्षाला वस्तू’ असं येतंय का, हे वरच्या पाच आकड्यांवर ताडून घ्या. चाचणीसाठी केंडलटाउ घ्या. वरच्या आकड्यांवर तिचं उत्तर टाउ (कल किती एकतर्फी आहे ते) उणे ०.८ आणि पी-अंक ०.०८३ यायला हवं.

वर्षाचा मध्यक काढण्याआधी चारही ऋतूंची सर्वेक्षणं आहेत ना, हे बघा. पावसाळ्यातलं सर्वेक्षण ज्या वर्षी राहिलं त्या वर्षाचा मध्यक आपोआप बदलतो आणि कल त्यातूनच तयार होतो. त्यापेक्षा प्रत्येक ऋतूसाठी वेगळा उतार काढा. चारही ऋतूंत दिशा एकच असेल तर ती बातमी आहे.

बंदीचा परिणाम दिसतो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. देशभरात १ जुलै २०२२ पासून प्लास्टिक काड्यांचे इअरबड, स्ट्रॉ, ताटल्या, चमचे, सजावटीचं थर्माकोल अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. पण महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने यांतल्या काही वस्तूंवर आधीच बंदी होती, आणि मधल्या काळात २०२० ची टाळेबंदी येऊन गेली. म्हणून २०२२ आधी आणि नंतर असे दोन मध्यक शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

याहून भरवशाचा मार्ग म्हणजे गुणोत्तर. प्रत्येक सर्वेक्षणात बंदी असलेल्या वस्तूंची संख्या भागिले बंदी नसलेल्या एखाद्या नेहमीच्या वस्तूची संख्या, उदाहरणार्थ इअरबडच्या काड्या भागिले बाटल्यांची बुचं. भरती, लांबी, मोजणाऱ्यांचा उत्साह यांचा परिणाम वर-खाली जवळजवळ सारखाच होतो आणि बराचसा कटतो. मग या गुणोत्तरावर थाईल-सेन चालवा. दोन-तीन वेगवेगळ्या वस्तू खाली ठेवून बघा. प्रत्येक वेळी गुणोत्तर घटत असेल तर बोलण्यात अर्थ आहे. बुचंच वाढल्यामुळे ते घटलेलं नाही ना, हेही तपासा. भागाकाराला बुचं १० पेक्षा कमी असतील ते सर्वेक्षण सोडा, नाहीतर एका बुचाच्या फरकाने गुणोत्तर कुठल्या कुठे जातं.

आलेख आणि निकाल

मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी नसते, नावांच्या जागी चौकोन येतात. देवनागरी फाँट बसवला तरी बऱ्याच आवृत्त्यांत पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं विस्कटतात. आलेखावर कोड ठेवून खाली मराठी यादी द्या, किंवा शेवटचा तक्ता सीएसव्हीत काढून आलेख गुगल शीट्समध्ये करा.

स्तंभालेखापेक्षा प्रत्येक सर्वेक्षणाचा एक ठिपका आणि मध्यकाची आडवी रेघ, हा आलेख जास्त प्रामाणिक. किती सर्वेक्षणांवर बोलतोय ते वाचणाऱ्याला एका नजरेत दिसतं. आकडे फार पसरलेले असतील तर लॉग मापन घ्या, पण त्यावर ० दाखवता येत नाही. तिथे संख्येत १ मिळवून लॉग घ्या आणि तसं आलेखाखाली लिहा.

तुलनेसाठी एक बाहेरचा आकडा लागतोच. युरोपीय संघाने २०२० मध्ये १०० मीटरला २० वस्तू ही मर्यादा ठरवली आहे. ती एकेका सर्वेक्षणाला नव्हे तर सर्वेक्षणांच्या मध्यकाला लावायची असते, आणि बारीक तुकड्यांबाबतचे त्यांचे नियम पाहूनच. आपल्या आठ आकड्यांचा २१८.५ तिच्या जवळजवळ अकरा पट आहे.

निकाल नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला देताना असं वाक्य लिहा: ‘८ सर्वेक्षणांत १०० मीटरला वस्तूंचा मध्यक २१८.५ (१८७ ते २६०), तुकड्यांसकट. सर्व मोजण्या पंचमी-षष्ठीच्या ओहोटीला, झाडलोट होत नसलेल्या पट्ट्यावर.’ सोबत तिन्ही तक्ते, स्क्रिप्ट आणि भरलेल्या कागदांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये द्या. दोन जणांनी तोच पट्टा एकाच दिवशी वेगवेगळा मोजलेलं निदान एक सर्वेक्षण त्यात असू द्या. दोघांच्या आकड्यांतला फरक किती, हे कळल्याशिवाय दोन वर्षांतला फरक मोठा की लहान ते ठरवता येत नाही.